विज्ञान प्रसाराची संस्था काढायची? आधी पेटी भरा, नोंदणी नंतर

प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाच शिक्षक, एक निवृत्त कृषी सहायक आणि एक औषध दुकानदार असे सात जण एकत्र आले आहेत. शाळकरी मुलांना आणि गावकऱ्यांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून ना-नफा संस्था काढायची आहे. नोंदणी कशी करायची, कार्यक्रम कोणते घ्यायचे, खर्च किती येईल आणि लोक अंगावर येतील का?

सात जण आहात, म्हणजे कायद्यापुरती माणसं जमली. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सातच लागतात. तरीही पहिलं वर्ष नोंदणीविना काढा. कागदावर जिवंत आणि कामात मेलेल्या संस्थांचा आपल्याकडे तोटा नाही. त्यांच्या कपाटात शिक्का असतो, लेटरहेड असतं, पावतीपुस्तक असतं, फक्त वर्गात नेता येईल असा एकही प्रयोग नसतो. प्रयोगसाहित्याची एक पेटी, दहा शाळा, बारा महिने एवढंच ठरवा. वर्षाअखेर सातातले चार जण अजून शनिवारी गाडीला किक मारत असतील तर नोंदणीला जा.

पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक नव्हे. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधता येतील अशा झाकणाच्या दोन प्लॅस्टिक पेट्या घ्या. चाळीस मुलांचा वर्ग, चार-चारांचे दहा गट, म्हणून प्रत्येक वस्तू बारा नग. दोन नग फुटायला आणि हरवायला. हा हिशेब सोडून लोक एकच मोठं, देखणं उपकरण विकत घेतात. मग सर पुढे प्रयोग करतात, पहिल्या दोन रांगा बघतात आणि मागची लेकरं एकमेकांना चिमटे काढतात. बारा भिंगं (10 सेंमी नाभीय अंतराची), बारा सपाट आरसे, जुन्या स्पीकरचे किंवा दुकानात मिळणारे वर्तुळाकार चुंबक, सुई नसलेल्या 10 आणि 20 मिलीच्या सिरिंजा, सलाईनची कोरी नळी, फुगे, एनॅमल चढवलेली तांब्याची तार, सेल, एलईडी, सेफ्टी पिना, अल्कोहोलचे तापमापी (पाऱ्याचे नकोत, फुटला की पारा फरशीच्या फटीत जातो), हळद, तुरटी, चुना. सगळं धरून आठ ते दहा हजार रुपये लागतील. सूक्ष्मदर्शक पहिल्या वर्षी घेऊच नका.

हळदीचे कागद घरीच होतात. दोन चमचे हळद 50 मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, गाळून घ्या, गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. वहीचा चकचकीत कागद घेतला तर तो रंग नीट पीत नाही आणि डाग पडतात. पट्टीवर चुन्याची निवळी टाकली की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळी.

आता एक प्रयोग जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त तोच बिघडतो: सेलवर फिरणारी मोटार. 24 ते 26 गेजची एनॅमलची तार सुमारे दीड मीटर घ्या, जाड मार्करभोवती 12 ते 15 वेढे द्या, दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढून वेढ्याला दोन-दोन गाठी मारा. सेलच्या दोन्ही टोकांना सेफ्टी पिना रबरानं आवळा, पिनेच्या डोळ्यातून तारेची टोकं ओवा आणि या कुंडलाच्या, म्हणजे वेढ्यांच्या कड्याच्या, बरोबर खाली सेलवर चुंबक चिकटवा. खरी मेख टोकं खरवडण्यात आहे. एका टोकाचं एनॅमल चारही बाजूंनी काढायचं, दुसऱ्याचं फक्त वरच्या अर्ध्या बाजूचं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीनंतर बल उलट लागतं आणि कुंडल फिरण्याऐवजी झोपाळ्यासारखं डुलत राहतं. अर्धी बाजू एनॅमलची ठेवली की त्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि कुंडल आपल्या गतीनंच पुढे जातं. मुलं उत्साहात दोन्ही टोकं अर्धी-अर्धी खरवडतात, तीही विरुद्ध बाजूंनी. मग प्रवाह कधीच जुळत नाही. ब्लेड वापरू देऊ नका, बारीक पॉलिश पेपर द्या. खरवडलेली जागा तांबूस-गुलाबी दिसली पाहिजे. तपकिरी झाक उरली असेल तर एनॅमल अजून आहे. 30 गेजची तार स्वस्त पडते, पण ती वाकते आणि कुंडल एका बाजूला लोंबतं. हा जोड जवळजवळ शॉर्ट सर्किटच असतो, त्यामुळे सेल दहा-पंधरा सेकंदांत गरम होतो. फिरली की काढा, हे आधीच बजावून सांगा. चाळीस मिनिटांच्या तासात हा एकच प्रयोग होतो. तीन प्रयोग दाखवायचा मोह आवरा.

वेळापत्रक शाळेच्या कॅलेंडरवर नव्हे, जिल्ह्याच्या चालीवर बेता. बीडमध्ये दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसं निघाली की वर्गातली पटसंख्या घसरते. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात. म्हणून वजनदार कार्यक्रम जून अखेर ते दिवाळीच्या आत उरका. उरलेल्या हंगामात वसतिगृहांत संध्याकाळी जा. तिथे मुलांना खरोखर वेळ असतो आणि बाहेरचं कुणी फारसं फिरकत नाही. 28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन (1928 मधल्या रामन परिणामाच्या शोधाचा दिवस) परीक्षांच्या तोंडावर येतो. दहावीला हात लावू नका, पाचवी ते आठवी घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं तर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच तारखांसह एक पत्र द्या. दर वेळी नव्यानं परवानगी मागत बसलात तर अर्धं वर्ष त्यातच जाईल. वर्गात संस्थेचे किमान दोन मोठे हवेत. मुलांचे फोटो टाकण्याआधी मुख्याध्यापकांमार्फत पालकांची संमती घ्या.

गावकऱ्यांना ओढायचं असेल तर पर्जन्यमापकानं सुरुवात करा. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात हे आपल्याकडे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. त्यामुळे शाळेच्या अंगणातला आकडा बघायला बाप स्वतः येतो. सरळ अंगाची दोन लिटरची बाटली घ्या, कमरेत आत गेलेली नको. जिथून मान निमुळती होते तिथे कापा, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ उंचसखल असतो म्हणून खडे टाकून त्यांच्यावर येईपर्यंत पाणी भरा आणि त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची खूण करा. तिथून वर पट्टी चिकटवा. तोंड आणि अंग एकाच व्यासाचं असल्यानं पाणी 10 मिमी चढलं म्हणजे पाऊस 10 मिमी. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेशी जुळवून. वाचलं की पाणी ओतून पुन्हा शून्यावर आणायचं. नुसतं नरसाळं आणि बाटली वापरणार असाल तर 10 सेंमी व्यासाच्या नरसाळ्याला 1 मिमी पाऊस म्हणजे 7.85 मिली. 65 मिमीला 510 मिली होतात. लोक अर्ध्या लिटरची बाटली लावतात आणि नेमक्या ज्या दिवशी आकड्याला किंमत असते त्याच दिवशी ती ओसंडते. मापक गच्चीवर नको, तिथे वारा थेंब पळवतो. जवळच्या भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर ठेवा. आणि गावाला पहिल्याच दिवशी सांगा की हा आकडा शिकण्यासाठी आहे, विम्याच्या किंवा मदतीच्या अर्जाला तो चालत नाही. सरकारी हिशेब महसूल मंडळातल्या केंद्राचाच धरला जातो. हे आधी सांगितलं नाही तर पुढे भांडण तुमच्या दारात येईल.

पाणी हा दुसरा विषय, आणि यात चुका महाग पडतात. टीडीएस मीटर घेऊन गावोगाव फिरणारे पुष्कळ आहेत. ते मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू किती, फ्लोराइड किती, नायट्रेट किती यावर ते गप्प असतं. 90 टीडीएसचं जारचं पाणी दूषित असू शकतं आणि 700 टीडीएसचं बोअरचं पाणी जंतूंच्या बाबतीत स्वच्छ असू शकतं, हे एवढं एक वाक्य गावात रुजलं तरी वर्ष सत्कारणी लागलं म्हणायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, पर्यायी स्रोत नसेल तर 1.5. नायट्रेटची 45. मुलांच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे दिसले तर फ्लोराइडची शंका घ्या, पण निकाल प्रयोगशाळेचाच माना. फील्ड किटचा रंग बघून गावात दवंडी पिटू नका.

जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइडच्या कुप्या मिळतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, सामान्य उबेत 24 ते 48 तास ठेवायचं, काळं पडलं तर पाणी संशयास्पद. नळाला क्लोरीन असेल तर कुपी फसवी ‘स्वच्छ’ दिसते. काही बोअरच्या पाण्यात मैल्याशी संबंध नसलेले जीवाणूही तिला काळं करतात. काळी पडलेली कुपी मुलांच्या हाती देऊ नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतून तासाभरानं मोठ्यांनीच टाकून द्या.

विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकायचं हा तर आठवीच्या गणिताचा तास आहे. व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा, मग 0.785 नं. उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याचे हजारपट लिटर. 6 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असेल तर सुमारे 85 हजार लिटर. गढूळ नसलेल्या पाण्याला दर हजार लिटरमागे 5 ग्रॅम धरलं तर 425 ग्रॅम टीसीएल लागतं. मुलं मोजणी आणि गणित करतील, पावडर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकेल, यात अदलाबदल नको. बादलीभर पाण्यात 100 ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये. आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यायचं, मग बादली भरायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. गाळासकट ओतलं की पाणी चुनकट होतं आणि लोक टीसीएललाच नावं ठेवतात. तासाभरानं तपासणी करायची. नळाच्या शेवटच्या घरी लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेलं हवं. मात्रा बरोबर असूनही क्लोरीन दिसत नसेल तर बहुधा पोतं तोंड उघडं ठेवून पत्र्याच्या खोलीत पडलेलं असतं. नवी पावडर सुमारे 33 टक्के क्लोरीनची असते. उष्णता आणि ओल लागली की महिन्या-दोन महिन्यांत तिचा जोर बराच उतरतो.

30 सप्टेंबर ही तारीख लातूर-धाराशिवच्या बाजूला कुणाला सांगावी लागत नाही. 1993 साली पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. जमीन हलली की किंवा नुसता गूढ आवाज आला की आजही व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आज रात्री अकराला मोठा भूकंप’ असले निरोप फिरतात. तारीख-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत करण्याची पद्धत जगात कुणाकडेच नाही, हे तोंडी सांगून भागत नाही. नमुना दाखवा. दोन फूट लांबीच्या दोन फळ्या घ्या, त्यांच्यामध्ये तीसेक गोट्या. गोट्या घरंगळू नयेत म्हणून खालच्या फळीला कडेनं पट्टी ठोका. वरची फळी दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ताणून बांधा म्हणजे ती मागं-पुढं हलून जागी येते. तिच्यावर लाकडी ठोकळ्यांची दोन घरं रचा. पहिल्याच्या भिंती नुसत्या रचलेल्या, ठोकळ्यांत ओली माती आणि वर माळवद म्हणून किलोभर मातीची पिशवी. दुसरं तसंच, पण छताच्या खाली चारही भिंतींभोवती सुतळीचा पट्टा घट्ट आवळलेला आणि वर हलकी पत्र्याची चकती. सेकंदाला साधारण दोन झटके द्या. पहिल्याच्या भिंती बाहेर फाकतात आणि जड छत सरळ खाली बसतं. किल्लारीत नेमकं हेच झालं होतं: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, डोक्यावर जड माळवद आणि घरात झोपलेली माणसं. इथे सगळे चुकतात ते माती सुकवण्यात. नमुना आदल्या दिवशी केला तर माती वाळून कडक होते आणि पहिलं घरही टिकून राहतं. सकाळी रचा, दुपारच्या आत हलवा. गोट्या एकाच आकाराच्या नसतील तर फळी डुगडुगते आणि दोन्ही घरं पडतात. ज्या घरात माणसं गेली आहेत तिथल्या नातवंडांसमोर हे दाखवताना हसणं-टाळ्या टाळाव्यात, एवढं भान ठेवा.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य भर माथ्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो, फुकटचा आणि बिनउपकरणाचा आहे. धाराशिव-लातूरला तो 12 ते 14 मेच्या आसपास येतो, बीड-परभणी-नांदेडला 15 ते 17, जालना-छत्रपती संभाजीनगरला 19-20 मे. सूर्य डोक्यावर बरोबर बाराला येत नाही. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहोत. मे मध्यात छत्रपती संभाजीनगरला ती वेळ सुमारे 12:25 आणि नांदेडला 12:17 असते. बारालाच कार्यक्रम आटोपणारे सावली बघून निराश होतात. अडचण अशी की शाळा बंद, लग्नसराई जोरात आणि ऊन रणरणतं. म्हणून देवळाच्या पारावर, वीस मिनिटांत. पाण्याचा माठ आणि सावलीला मांडव आधी. काठी ओळंब्यानं उभी करा, एक अंशाची तिरपी काठीही सावली पाडते. त्यापेक्षा स्टीलचा पेला पालथा ठेवणं सोपं. जुलै अखेर हाच दिवस पुन्हा येतो, पण ढग बहुधा दगा देतात.

दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढायची हौस चांगली आहे, फक्त अपेक्षा माफक ठेवा. लातूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या अक्षांशात जेमतेम दीड अंशाचा फरक आहे, म्हणजे 1 मीटरच्या काठीच्या सावलीत अवघा 26 मिमीचा. आणि सूर्य अर्धा अंश रुंद असल्यानं त्या सावलीची कड स्वतःच 9 मिमीपर्यंत धूसर असते. उत्तर वीसेक टक्के चुकलं तरी ते चुकलेलं नाही. इतकंच का आलं, हे मुलांनी सांगितलं की काम झालं.

आकाशदर्शन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, शुद्ध अष्टमीच्या मागेपुढे दोन दिवस. पौर्णिमेला ठेवू नका. समोरून उजेड पडल्यानं चंद्रावरच्या विवरांच्या सावल्या दिसत नाहीत आणि तारेही पुसले जातात. 150 मिमी व्यासाची, 1200 मिमी नाभीय अंतराची डॉब्सन पद्धतीची (साध्या बैठकीवर हातानं फिरवायची) परावर्ती, म्हणजे आरशाची, दुर्बीण पुरे. 25 मिमीचं नेत्रभिंग लावलं की 48 पट, 10 मिमीचं लावलं की 120 पट. 120 पटीला ग्रह दोनेक मिनिटांत चौकटीबाहेर सरकतो, 48 ला चार मिनिटं टिकतो. गर्दीला म्हणून 48 बरी. माणशी अर्धा मिनिट धरा. एका दुर्बिणीला चाळीसच्या वर रांग लावली की शेवटची आजी कंटाळून घरी जाते. लहानांसाठी लाकडी स्टूल हवंच, नाहीतर ती नळीला लटकतात. टॉर्चला लाल पतंगी कागद लावा. भाषणं दुर्बिणीपाशी नकोत.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. तिचे दोन बाहू 4-4 किलोमीटरचे असणार. हिंगोली-परभणीच्या मुलांना हे घरचं उदाहरण आहे. टेबलावर लेसर आणि आरशांचा तसाच छोटा व्यतिकरणमापक (दोन वाटांनी गेलेला प्रकाश एकत्र आणून उजळ-काळे पट्टे पाडणारा) करायचा तर जड ग्रॅनाइटची फरशी हवा भरलेल्या सायकल ट्यूबवर ठेवा, नाहीतर पट्टे स्थिर राहत नाहीत. वर्गात कुणी पाय आपटला की पट्टे थरथरतात, तेव्हाच विचारा की खरी वेधशाळा रहदारीपासून लांब का बांधतात. लेसर 1 मिलिवॉटच्या आतला घ्या.

आता विरोधाचं. चमत्कारामागचं विज्ञान दाखवा, पण कुणाच्या देवावर किंवा गुरूवर बोट ठेवून नको. जास्वंदीचा रस सुरीला चोळून वाळवा, लिंबू कापा, ‘रक्त’ येतं. आधी प्रयोग करा, मग मुलांनाच कारण शोधायला लावा, त्यांच्याकडे हळदीचे कागद आहेतच. जिभेवर कापूर पेटवणं मुलांसमोर करू नका, संध्याकाळी घरी कुणीतरी करून बघतंच. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून आपोआप जाळ काढायचा असेल तर उघड्या अंगणात, मोठ्यानंच, अर्धा चमचा पूड आणि चार-पाच थेंब एवढ्यावर. जवळ वाळूची बादली, डोळ्यांवर चष्मा. थंडीच्या सकाळी ग्लिसरीन घट्ट होतं आणि जाळ यायला मिनिटभर लागू शकतं. ‘फसला वाटतं’ म्हणून माणूस वाकून बघतो आणि तेव्हाच भडका उडतो. अघोरी प्रकार, नरबळी, अंगात आल्याच्या नावाखाली मारहाण असं काही कानावर आलं तर संस्थेनं तिथे प्रयोग दाखवायला जाऊ नये. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांकडे जा. पावसाळ्याआधी सापांवर कार्यक्रम घ्या, नाग, मण्यार, घोणस, फुरसे ओळखायला लावा, पण चित्रांवरून. जिवंत साप दाखवणारा सर्पमित्र गर्दी खेचतो खरा, तरी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये असा खेळ बसत नाही. विजेबद्दल मात्र मे महिन्यातच बोला: लखलखाट ते गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, वावरातलं एकटं झाड सोडा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर उतरवून द्या.

वर्ष टिकलात तर नोंदणी. अर्ज जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. संस्थेचं ज्ञापन, नियमावली, सात जणांची ओळखपत्रं आणि संमतीपत्रं, कार्यालयाच्या जागामालकाचं संमतीपत्र. आधी 1860 च्या कायद्याखाली संस्था, मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली न्यास म्हणून ‘एफ’ क्रमांक. उद्देश मोघम लिहू नका. ‘समाजाचा सर्वांगीण विकास’ ऐवजी ‘विज्ञान शिक्षण व प्रसार, त्यासाठी प्रयोगसाहित्य, शिबिरं, प्रकाशनं’ असं लिहा, करसवलतीच्या वेळी हाच मजकूर तपासला जातो. पाच शिक्षक आहात, पद घेण्याआधी आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी काढा. एकाच घरातली तीन माणसं घेऊ नका. बिघडतं कुठे तर फेरफार अर्जात: कार्यकारिणी बदलली की 1950 च्या कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत अर्ज द्यायचा असतो. तो दोन-तीन वेळा राहिला की नोंदीवर जुनीच माणसं उरतात, बँक सही मानत नाही आणि पुढचं सगळं अडतं.

दरवर्षी मार्चअखेरचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून धर्मादाय कार्यालयात सहा महिन्यांच्या आत. पॅन काढून संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी (1961 च्या आयकर कायद्यात 12एबी) आणि देणगीदारांना करसवलत (त्याच कायद्यात 80जी) मिळावी म्हणून अर्ज करा, नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती मान्यता मिळते. 2,000 रुपयांच्या वरची रोख देणगी देणगीदाराच्या सवलतीला चालत नाही, म्हणून पावती फाडतानाच विचारा. देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे 31 मेपर्यंत भरली नाही तर त्यांना सवलत मिळत नाही आणि पुढच्या वर्षी ते फोन उचलत नाहीत. कारखान्यांचा सीएसआर निधी (कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढलेला पैसा) हवा तर सीएसआर-1 या अर्जानं वेगळी नोंद लागते. पहिली तीन वर्षं त्या वाटेला न गेलेलं बरं. त्यापेक्षा ‘एका शाळेची पेटी’ एवढी छोटी देणगी मागा, गावातून पुण्या-मुंबईला गेलेली माणसं तेवढं आनंदानं देतात.

आणि एक वही पेटीच्या झाकणालाच सुतळीनं बांधून ठेवा. शाळेचं नाव, तारीख, नेलेले नग, परत आलेले नग, काय फसलं. पेटी परत आली त्याच संध्याकाळी मोजा. सेल काढून ठेवा, आत राहिले की गळतात आणि सेलधारक हिरवे पडतात. चुंबक जोड्यांनी चिकटवून ठेवा, भिंगं जुन्या सुती कापडात. बारापैकी नऊच चुंबक आले तर दुसऱ्या दिवशीच त्या शाळेत फोन करा, आठवड्यानं केलात तर ते कुठल्या दप्तरात गेले हे कुणालाच आठवणार नाही.